आधी चार किलो, मग पुढचे

दिवाळीच्या अंकात वजन उतरवण्याविषयी लिहायचे, म्हणजे लग्नघरी जाऊन कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देण्यासारखे आहे. वाचकांच्या एका हातात हा अंक असेल आणि दुसरा हात चकलीच्या डब्यात असेल, हे मी जाणून आहे. तो हात खुशाल तिथे असू द्या. फराळ बंद करा, असे सांगण्यासाठी मी आज लेखणी उचललेली नाही.

या सदराकडे वर्षभर जी पत्रे येतात, त्यांत वजनाची पत्रे पुष्कळ. त्यांची एक ठराविक तऱ्हा आहे. ‘डॉक्टर, माझे वजन ८२ किलो आहे, ते संक्रांतीपर्यंत ६० करायचे आहे.’ ‘मुलीचे लग्न वैशाखात आहे, तोवर पंधरा किलो उतरतील काय?’ ‘शाळेच्या वर्गमित्रांचे संमेलन दीड महिन्यावर आले, काही जालीम उपाय सुचवा.’ प्रत्येक पत्रात एक आकडा असतो आणि एक तारीख असते. आकडा बहुधा लग्नातल्या फोटोवरून घेतलेला असतो आणि तारीख पंचांगावरून. परंतु उद्या सकाळी उठल्यावर नेमके काय करायचे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाविषयी आहे.

मुदतीमागून मुदती

माझा दवाखाना पनवेलजवळ पळस्प्याला आहे. मुंबईकडून येणारा रस्ता इथे फुटतो. एक वाट खोपोलीवरून बोरघाट चढून पुण्याला जाते, दुसरी कर्नाळ्याच्या पायथ्याने कोकणात शिरून गोव्याला. फाट्यावर गाड्या थांबतात, माणसे उतरतात, आणि वड्यांचा घाणा अखंड चालू असतो. माझ्याकडे येणाऱ्यांत गावातली जुनी मंडळी आहेत, कंटेनरच्या आवारात काम करणारे कारकून आहेत, आणि दादर, गिरगाव, डोंबिवली सोडून इकडच्या नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबेही आहेत. दोन तास गाडीत बसून जायचे, आठ तास खुर्चीत बसायचे, पुन्हा दोन तास बसून परत यायचे, असा ज्यांचा दिवस, त्यांच्या पोटाचा घेर वाढला तर नवल ते काय?

याच पळस्प्यापासून इंदापूरपर्यंत गोव्याचा रस्ता चौपदरी करण्याचे काम २०११ साली निघाले. त्याच्या किती मुदती जाहीर झाल्या आणि किती टळल्या, हे गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्यांना विचारावे! जमिनीचा ताबा, पैशांची चणचण, कोकणातला पावसाळा, हे सारे मुदत ठरवताना पुरते धरले नाही, की असे होते. माझ्या रोग्यांच्या वजनाच्या मुदतीही पुष्कळदा मला याच जातीच्या वाटतात. त्यांत लग्नसराई धरलेली नसते, मुलाची परीक्षा धरलेली नसते, सासूबाईंचे आजारपण धरलेले नसते. पहिल्याच अडचणीत सारे बंद पडते आणि माणूस कपाळावर हात मारून म्हणतो, ‘माझ्या नशिबातच नाही!’ बिचाऱ्या नशिबाला का दोष द्यायचा? अंदाजपत्रकच चुकलेले असते.

दोन रोग्यांची हकीकत

दोन रोग्यांची हकीकत सांगतो. नावे अर्थातच सांगत नाही.

पहिले गृहस्थ चाळिशीतले, वजन ९६ किलो. मार्गशीर्षात त्यांनी कोणालाही न विचारता संकल्प सोडला, की गुढीपाडव्यापर्यंत पंचवीस किलो उतरवायचे. सकाळी फळांचा रस, दुपारी काकडी, रात्री वाटीभर ताक. सहा आठवड्यांत बारा किलो गेले. कचेरीत सत्कार व्हायचा तेवढा राहिला. पुढे केस गळू लागले, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, आणि एका रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ उठली की घरच्यांनी रिक्षात घालून रुग्णालयात नेले. पित्ताशयात खडे झाले होते. वजन फार झपाट्याने उतरले, की पित्त साचून राहते, घट्ट होते आणि खडे होण्याचा संभव वाढतो. आठवड्याला दीड किलोहून अधिक वेगाने वजन घटवणाऱ्यांना हा धोका विशेष असतो. शस्त्रक्रिया झाली. पाडव्याला गृहस्थ घरी होते आणि काटा खाली होता. पुढच्या गणपतीत तोच काटा ९८ वर गेला.

दुसऱ्या बाई ४६ वर्षांच्या. उंची १५४ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. गुडघे दुखत. रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, ती ६.२ टक्के. साडेसहापासून मधुमेह धरतात. त्यांच्या आईचा पाय मधुमेहाने काढावा लागला होता, आणि तिची अखेरची सहा वर्षे याच बाईंनी सेवा केली होती.

‘डॉक्टर, मला आईसारखे अंथरुणाला खिळायचे नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माझे लग्नातले पंचावन्न किलो मला परत आणून द्या.’

मी म्हटले, ‘ताई, पंचावन्न तूर्त राहू द्या. आधी चार किलो उतरवू.’

‘चार? चार किलोंनी काय होणार? शेजारच्या वहिनींनासुद्धा कळायचे नाही!’

‘वहिनींना कळले नाही तरी चालेल. तुमच्या स्वादुपिंडाला कळेल.’

चारच का?

चार हा आकडा मी हवेतून काढलेला नव्हता. ७८ किलोंचे पाच टक्के म्हणजे ३.९ किलो. आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के सहा महिन्यांत उतरवायचे, हे पहिले उद्दिष्ट ठेवावे, असे जगभरचे वैद्यक सांगते. याला कारण आहे. एवढ्याने आरशात फारसे दिसत नाही, पण रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी यांत फरक पडू लागतो.

२००२ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली तीन हजारांहून अधिक माणसे त्यात घेतली होती. त्यांतल्या एका गटाला उद्दिष्ट दिले होते फक्त सात टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्याचे. सुमारे तीन वर्षांनी पाहिले, तर या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले होते.

आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग ५३१ भारतीयांवर केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. तिथे आहार आणि चालणे सुधारलेल्यांत मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला. आणि गंमत अशी की त्यांचे सरासरी वजन म्हणण्यासारखे उतरलेच नव्हते! काटा हलला नाही म्हणून रागावून चालणे सोडून देणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

गुडघ्यांचा हिशेब तर याहून सोपा. गुडघे झिजलेल्या वजनदार माणसांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात, २००५ साली, असे आढळले की अंगावरचे एक किलो उतरले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. चार किलो उतरले की सोळा किलो! फाट्यावरून भाजीची पिशवी घेऊन घरी येणाऱ्या बाईला सोळा किलो म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही.

उलटपक्षी, आकडा फार मोठा धरला तर काय होते? १९९७ साली अमेरिकेत गॅरी फॉस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी साठ स्थूल स्त्रियांना उपचारांपूर्वीच विचारून ठेवले, की किती वजन उतरावे असे तुम्हांला वाटते? सरासरी उत्तर आले, आहे त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश. सतरा किलो उतरले तर? ‘निराशा होईल,’ असे त्या म्हणाल्या. अठ्ठेचाळीस आठवडे उपचार झाले आणि सरासरी सोळा किलो उतरले. वैद्यकाच्या दृष्टीने हे घवघवीत यश होते. तरीसुद्धा जवळजवळ निम्म्या स्त्रियांना, त्यांनी स्वतःच ‘निराशेचा’ म्हणून सांगितलेला आकडादेखील गाठता आला नाही. यश पदरात असून माणूस हरल्यासारखा बसतो, तो असा. आणि हरलेला माणूस रात्री फरसाणाचा डबा उघडतो, हे सांगायला डॉक्टर नको.

काट्याबरोबर फीतही हवी

वजनकाट्याला सारे कळत नाही, हे दाखवणारी एक गोष्ट आपल्या पुण्याची आहे. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील मित्र डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. दोघेही सडसडीत. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो बीएमआय येतो, तो दोघांचाही २२.३. मात्र शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांनी गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास चालवला, त्यातही असे दिसले की आपली बाळे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाला हलकी जन्मतात, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नसते. वरून बारीक, आतून लठ्ठ, अशी आपल्या लोकांची घडण आहे.

म्हणून भारतीयांसाठी मापे कडक धरतात. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, आणि २५ पासून स्थूलपणा. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटर, याच्या आत असावा. शिवणाच्या डब्यातली फीत घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध ती गुंडाळा, श्वास सहज सोडून माप घ्या. पोट आत ओढून घेतलेले माप फक्त स्वतःची समजूत घालण्यास उपयोगी! पुष्कळदा असे होते की चालण्याने स्नायू टिकतात, चरबी जाते, काटा जागचा हलत नाही, आणि घेर मात्र तीन सेंटिमीटरनी उतरतो. फीत नसेल तर हे यश ध्यानातच येत नाही.

वर्षाचे, महिन्याचे, आठवड्याचे

आता उद्दिष्टे बांधायची कशी ते पाहू. माझ्या मते ती तीन अंतरांवर असावीत.

सर्वांत लांबचे, वर्ष-दोन वर्षांचे. हे शक्यतो किलोत सांगू नये, कामात सांगावे. त्या बाईंना मी विचारले, ‘पुढच्या वर्षी तुम्हांला काय करता यायला हवे?’ त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, ‘कर्नाळ्याचा किल्ला चढायचा आहे. इतकी वर्षे इथे राहते, तो सुळका रोज दिसतो, पण मुलांबरोबर कधी वर गेले नाही. आणि साखरेची गोळी सुरू व्हायला नको.’ हे झाले दीर्घ मुदतीचे उद्दिष्ट. याच खात्यात आणखी एक गोष्ट मांडावी, ती म्हणजे उतरलेले वजन राखणे. पहिले सहा महिने उतरवण्याचे, पुढचे सहा महिने उतरले तेवढे टिकवण्याचे. टिकवणे म्हणजे रिकामे बसणे, असे लोकांना वाटते. वस्तुतः तेच अवघड काम. वजन घटले की शरीर कमी इंधनावर चालू लागते आणि भूक मात्र वाढते. जुने वजन परत मिळवण्यासाठी ते धडपडते. ही धडपड निसर्गाची आहे, तुमच्या मनाचा दुबळेपणा नव्हे.

मधले उद्दिष्ट महिन्याचे. आठवड्याला अर्धा ते एक किलो, ही वेगाची वरची मर्यादा समजावी. आपल्याकडच्या ठेंगण्या, घरकाम आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईने महिन्याला एक ते दोन किलो उतरवले तर ते उत्तमच म्हणावे. सुरुवातीच्या आठवड्यात कधी कधी दोन किलो एकदम जातात. त्यात पाणी बरेच असते. त्यावर हुरळून जाऊ नये, आणि पुढच्या आठवड्यात काटा थांबला म्हणून खट्टू होऊ नये.

सर्वांत जवळचे उद्दिष्ट आठवड्याचे, आणि यात किलो हा शब्द मुळीच येता कामा नये. काटा आपल्या आज्ञेत नसतो. हात-पाय आणि स्वयंपाकघर असते. ‘या आठवड्यात अर्धा किलो उतरवीन’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘सोमवार ते शुक्रवार रात्रीच्या जेवणानंतर इमारतीच्या आवारात वीस मिनिटे चालेन’ हे उद्दिष्ट. ते झाले की नाही, याचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते. ‘कमी खाईन’ असे म्हणू नये. ‘रात्रीचा भात दोन वाढ्यांऐवजी एक वाढी, आणि उसळ आधी’ असे म्हणावे.

एका वेळी एकच नवी गोष्ट घ्यावी, ती पंधरा दिवस मुरू द्यावी, मग दुसरी. बाईंनी पहिल्या पंधरवड्यात फक्त चालणे धरले. वीस मिनिटांपासून सुरुवात, मग तीस. दुसऱ्या पंधरवड्यात तेल. चौघांच्या घरात महिन्याला चार किलो तेल लागत होते, ते तीनवर आणले. एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरी. माणशी पाव किलो तेल वाचले म्हणजे महिन्याला २२५० कॅलरी, रोजच्या ७५. तिसऱ्या पंधरवड्यात चहा. दिवसाला पाच कप आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. त्याचा एक चमचा केला. चमच्याला वीस कॅलरी, म्हणजे रोजच्या शंभर. अर्धा तास चालण्याच्या सव्वाशे-दीडशे धरल्या आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर हे सारे मिळून रोज अडीचशेच्या पुढे जाते, महिन्याला आठ हजारांच्या घरात. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे कागदावर महिन्याला एक किलो! प्रत्यक्षात शरीर थोडी कपात करते, त्यामुळे पुढे पुढे उतार मंदावतो. पण बघा, कोणी उपाशी राहिले नाही, वेगळा स्वयंपाक झाला नाही, आणि कोणती पावडर विकत आणावी लागली नाही.

हा हिशेब ठेवायला नवी वही नको. भिंतीवरच्या कॅलेंडरात आपण दुधाचे खाडे मांडतो, त्याच चौकोनात चालण्याची एक फुली करावी. वजन आठवड्यातून एकदा करावे, ठराविक वारी, सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापूर्वी. रोज काट्यावर चढणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की पाणी, मीठ, बद्धकोष्ठ किंवा स्त्रियांची मासिक पाळी यांनी एका दिवसात किलोभर वर-खाली सहज होते. ती चरबी नव्हे.

दीक्षित की दिवेकर?

आता एक प्रश्न हमखास येतो. ‘बटाट्याची चाळ’मधला ‘उपास’ ज्यांनी वाचला आहे त्यांना हे सांगायला नको, की वजन उतरवण्याचा बेत जाहीर झाला रे झाला की सल्ल्यांचा पाऊस पडतो. २०१८ च्या सुमारास मराठी घरांत यावर चक्क दोन पक्ष पडले होते. डॉ. श्रीकांत जिचकर यांनी सांगितलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव नेलेली पद्धत म्हणते, दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण संपवा, आणि रोज पाऊण तास चाला. ऋजुता दिवेकर म्हणतात, घरचे, आपल्या मातीतले, थोडे थोडे आणि वेळेवर खा. सासूबाई एका पक्षाच्या आणि सूनबाई दुसऱ्या, अशी घरे मी पाहिली आहेत. काम सोपे झाले ते फक्त पाहुण्याचे. त्याला दोन्हीकडून उपदेश!

मी दोन्ही पक्षांना एकच विचारतो. ही पद्धत तुम्ही पुढची दोन वर्षे, पाळीच्या नोकरीत, लग्नसराईत आणि गावच्या जत्रेत सांभाळू शकाल का? जी सांभाळता येईल ती तुमची. मात्र इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक जेवण गाळण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. साखर एकाएकी उतरून माणूस बेशुद्ध पडतो, तेव्हा शेजाऱ्याचा सल्ला कामी येत नाही.

नवी इंजेक्शनेही आता आली आहेत. टिर्झेपटाइड हे मार्च २०२५ मध्ये आपल्याकडे विक्रीस आले, आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. काहींना ती खरोखरीच लागतात आणि उपयोगी पडतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची. पण तिथेही घाई नाहीच. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत सरासरी सुमारे पंधरा टक्के वजन उतरले, ते ६८ आठवड्यांत, म्हणजे सव्वा वर्षाहून अधिक काळात. आणि औषध व सल्ला थांबल्यावर वर्षभरात त्यातले दोन तृतीयांश परत आले. म्हणजे टिकवण्याचा धडा औषधालाही चुकलेला नाही.

कोणी थांबावे

काहींनी हा लेख वाचून काट्याकडे जाऊच नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या भगिनी, वाढत्या वयाची मुले, आणि सत्तरीपुढची अशक्त मंडळी. म्हाताऱ्या माणसाचे वजन उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात आणि पडण्याचा धोका वाढतो. कोणतेही प्रयत्न न करता वजन उतरत असेल तर आनंद मानू नये. आधी तपासणी करावी. आणि मुलांना ‘जाड्या’ म्हणून ताटावरून उठवू नये. घरात तेल कमी आले, बिस्किटांचे पुडे कमी आले, संध्याकाळी सारेजण चालायला निघाले, की मुलाचे आपोआप होते. ताटात डाळ, उसळ, अंडे, मासे यांना जागा वाढवावी. त्याने पोट भरल्यासारखे राहते आणि स्नायू शाबूत राहतात.

पुढे काय झाले

सहा महिन्यांनी त्या बाईंचा काटा ७२.५ वर आला. साडेपाच किलो, म्हणजे सात टक्के. त्या थोड्या हिरमुसल्याच होत्या. ‘डॉक्टर, लग्नात एकही माणूस म्हणाले नाही की बारीक झालीस.’ मी त्यांच्यापुढे रक्ताचा कागद ठेवला. ६.२ चे ५.८ झाले होते. कमरेचा घेर सहा सेंटिमीटरनी उतरला होता. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आईचे कोणी असे चार किलो वेळेवर उतरवले असते तर!’ यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

पुढच्या दिवाळीत त्यांचे दीड किलो परत चढले. पहिले गृहस्थ असते तर त्यांनी सारे सोडून दिले असते. बाईंनी तसे केले नाही. तुळशीचे लग्न झाल्यावर त्यांनी पुन्हा चालण्यापासून सुरुवात केली, तेवढीच वीस मिनिटे, तीच फुली. माघात त्या मुलांबरोबर कर्नाळ्याला जाऊन आल्या. वाटेत चारदा बसल्या, असे मुलगा सांगत होता. वजन अजून सत्तरच्या आसपास आहे. पंचावन्नचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीपुरते उद्दिष्ट अगदी लहान ठेवा. वसुबारसेला जे वजन असेल तेच तुळशीच्या लग्नाला असावे. एक किलोही उतरवायचे नाही. फराळ बशीत घेऊन बसून खावा, उभ्याने डब्यातून नव्हे. ज्यांच्याकडे जायचे ते घर चालण्याजोगे असेल, तर चालत जावे. आणि पाडव्याला व्यापारी वह्यांची पूजा करतात, तेव्हा तुम्ही कॅलेंडरच्या कोपऱ्यात तीन ओळी लिहा. पहिलीत वर्षभरात काय करता यायला हवे ते. दुसरीत आपल्या वजनाचे पाच टक्के किती होतात ते, आणि त्यापुढे सहा महिन्यांनंतरची तारीख. तिसरीत येत्या सोमवारी संध्याकाळी किती वाजता चपला घालणार ते. तिसरी ओळ जमली, की बाकीच्या दोन हळूहळू जमतात.

सर्वांना ही दिवाळी सुखाची आणि आरोग्याची जावो.